नावं मराठीतच राहू द्या

संगणकावरच्या फाइलला मराठीत नाव द्यायचं नाही, असं मी वर्षानुवर्षं मानत आलो. स्वतःपुरतं मानून थांबलो असतो तर इथं लिहिण्यासारखं काही नव्हतं. मी ते इतरांकडून करून घेत होतो. नाव रोमन लिपीत हवं, अक्षरं सगळी स्मॉल, शब्दांमध्ये मोकळी जागा नको, तिथं अंडरस्कोर टाकायचा. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात जुनी पुस्तकं आणि अंक स्कॅन करायचं काम निघालं, तेव्हा हे नियम मीच छापून भिंतीवर लावले. ग्रंथपाल बाईंनी ते वाचले आणि विचारलं, "अहो, पण मग मला हे नंतर सापडणार कसं?" मी म्हणालो, कॉम्प्युटरला मराठी नावं झेपत नाहीत. हे वाक्य मी कितीतरी जणांना ऐकवलं आहे. ते खरं आहे का, हे मात्र मी एकदाही तपासलं नव्हतं.

या समजुतीला मुळात कारण होतं, हेही सांगायला हवं. मी संगणकावर मराठी टाइप करायला लागलो तेव्हाच्या फाँटांमध्ये 'क' हा 'क' नसायचा. कुठल्यातरी रोमन अक्षराच्या जागेवर क चं चित्र बसवलेलं असायचं. फाँट दुसऱ्या मशीनवर नसला की सबंध लेख म्हणजे रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन ढीग. फाइलच्या नावाला तर फाँट लावताच येत नाही, त्यामुळे तिथं मराठीचा प्रश्नच नव्हता. त्याआधीच्या डॉसमध्ये नाव आठ अक्षरांचं आणि पुढे तीन अक्षरांचं शेपूट, एवढीच जागा. विंडोज ९५ मध्ये लांब नावं आली तरी आमची आठ अक्षरांची सवय सुटली नाही. लोकांची मेहनत अशी मातीमोल होताना मी पाहिली होती आणि पुन्हा तसं होऊ नये असं मला मनापासून वाटत होतं.

पण प्रत्येक अक्षराला स्वतःची जागा देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ सालीच आली होती आणि विंडोज २००० पासून ती आपल्या टेबलावरच्या मशीनवरही होती. मी ते वापरतही होतो. पत्रं, लेख, सगळं युनिकोडमध्ये लिहीत होतो. फक्त फाइलचं नाव द्यायची वेळ आली की हात आपोआप रोमनकडे वळायचे. भीतीचं कारण संपलं होतं, भीती राहिली होती, आणि तिला मी शिस्त म्हणत होतो.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. कुणाच्या मशीनवर मराठी नावाची फाइल दिसली की या माणसाला संगणक कळत नाही, असा शेरा मी मनातल्या मनात मारून मोकळा व्हायचो. ग्रंथपाल बाईंबद्दलही मारला. वाचनालयातलं कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात आहे हे डोळे मिटून सांगणाऱ्या बाईंना मी 'शोधायचं कसं' हे शिकवत होतो. तो उद्धटपणा होता, त्याला दुसरं नाव देता येणार नाही.

पहिला तडा माझ्याच यादीनं दिला. रोमनमध्ये मराठी लिहायची एक ठरलेली रीत नाही. स्कॅन करायला कॉलेजची मुलं येत. एकजण 'श' साठी एस-एच लिही, दुसरा नुसता एस. 'ळ' आणि 'ल' एकाच अक्षरात जात, 'ण' आणि 'न' सुद्धा. के-ए-एल-ए असं नाव दिसलं, तर आत 'कला' आहे, 'काळा' आहे की 'कळा', हे फाइल उघडल्याशिवाय कळेना. बी-ए-एल म्हणजे बाळ, बाल, बळ की बल? बाई शोधत बसायच्या, मग माझ्याकडे यायच्या, आणि मलाही सापडायचं नाही. तरी मी नियम सोडला नाही. स्पेलिंगचा आणखी एक तक्ता करून भिंतीवर लावला.

मग सगळा साठा हलवायची वेळ आली. वाचनालयातली मशीनं विंडोजची. साठवणीसाठी घेतलेल्या पेटीत लिनक्स. अंकांची मांडणी करणारा मित्र मॅकवाला. म्हणजे तीन घरचे तीन कायदे. कॉपी लावण्याआधी मी फोल्डर चाळत होतो, तेव्हा एक फोल्डर असं निघालं की ज्यातली सगळी नावं मराठीत होती. बाईंचं होतं. त्यांनी माझा नियम भिंतीवर राहू दिला होता आणि स्वतःपुरती वेगळी सोय केली होती: लेखक, पुस्तकाचं नाव, आवृत्तीचं साल, पुस्तक कुणी भेट दिलं ते नाव. सगळं शुद्ध, मोकळी जागा सोडून, आपण कागदावर लिहितो तसं. ते पाहून मला राग आला. आता हे सगळं तिकडे प्रश्नचिन्हं आणि चौकोन होऊन उतरेल आणि आपण बोललो ते खरं ठरेल, असं वाटलं. खरं सांगायचं तर, तसं व्हावं अशी इच्छाही मनात होती.

कॉपी झाली. लिनक्सच्या पेटीवर फोल्डर उघडलं तर नावं जशीच्या तशी. काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरं, कशालाही धक्का नाही. अडलं ते माझ्या 'सुरक्षित' नावांचं. लिनक्सला कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगळी वाटतात, विंडोजला एकच. सगळी अक्षरं स्मॉल हा नियम असूनही मुलांनी दुसऱ्या एका लिनक्स मशीनवर केलेल्या कामात कॅपिटल के ची 'कविता' आणि स्मॉल के ची 'कविता' अशा दोन वेगळ्या फाइली शेजारी शेजारी होत्या. विंडोजवर आणताना दुसरी पहिलीच्या जागेवर बसायला निघाली. देवनागरीला कॅपिटल-स्मॉल हा भेदच नाही. ही टक्कर देवनागरी नावांत होऊच शकत नाही.

त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो. नावं टिकली याचा आनंद व्हायला हवा होता, आणि मला मात्र हरल्यासारखं वाटत होतं. का टिकली, हे शोधायला बसलो. लिनक्सला फाइलच्या नावातली भाषा कळतच नाही. त्याच्या दृष्टीनं नाव म्हणजे बाइटांची ओळ, आणि तिथं दोनच गोष्टी वर्ज्य: फोल्डर वेगळे करणारी तिरकी रेघ आणि शून्य किमतीचा बाइट. आता जगातल्या सगळ्या लिप्या या ओळीत बसवायच्या, पण कुठल्याही लिपीच्या अक्षराच्या पोटात चुकून ती रेघ किंवा ते शून्य येता कामा नये, हा प्रश्न १९९२ साली संगणकवाल्यांपुढे होता. त्या वर्षीच्या सप्टेंबरात संगणकतज्ज्ञ केन थॉम्पसन आणि रॉब पाइक न्यू जर्सीतल्या एका साध्या खाणावळीत जेवत होते. तिथल्या टेबलावरच्या कागदावर थॉम्पसन यांनी जी मांडणी केली, ती म्हणजे आजची यूटीएफ-८. तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि तिन्हींची किंमत १२७ च्या वर असते. तिरकी रेघ ४७ वर बसलेली. दोघांची गाठ कधी पडतच नाही. त्या काळात या पद्धतीच्या नावातच 'फाइल सिस्टिम सेफ' हे शब्द होते.

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. आपली अक्षरं फाइलच्या नावात ओढूनताणून घुसवलेली आहेत, यंत्र ती कशीबशी सोसतं आहे, असं मी समजत होतो. प्रत्यक्षात ज्या पद्धतीवर सगळं उभं आहे, तिची पहिली अटच ही होती, की फाइलच्या नावात कुठलीही लिपी निर्धोक लिहिता यावी. माणसांनी दार आधीच उघडं ठेवलं होतं. मी आमच्या वाचनालयापुरतं ते बंद करून बाहेर पहारा देत होतो.

तेव्हापासून माझं मत बदललं, पण सगळं आलबेल आहे असंही नाही. बाईंच्या दोन-तीन फाइली त्या कॉपीत लिनक्सनं नाकारल्या होत्या, हे नंतर लक्षात आलं. कारण लांबी. विंडोजच्या एनटीएफएस या साठवण पद्धतीत एका नावाला २५५ एककं मिळतात आणि देवनागरीचं एक चिन्ह म्हणजे एक एकक. लिनक्सच्या ईएक्सटी-४ मध्येही आकडा २५५ च, पण तो बाइटांचा. म्हणजे देवनागरीला तिथं फक्त ८५ चिन्हं. आणि चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे: 'महाराष्ट्र' डोळ्यांना चार अक्षरं दिसतात, पण काने आणि पायमोडके हलन्त धरून ती दहा चिन्हं होतात, म्हणजे तीस बाइट. भेट देणाऱ्याचं नाव आम्ही फाइलच्या नावातून काढून वेगळ्या नोंदवहीत घेतलं. विंडोजचा आणखी एक जुना नियम आहे, की ड्राइव्हपासून फाइलपर्यंतचा सगळा रस्ता मिळून २६० एककांच्या आत असावा. २०१६ पासून विंडोज १० मध्ये तो शिथिल करता येतो, पण आपण होऊन तसं करावं लागतं. फोल्डरात फोल्डर घालत गेलं की हा नियम आडवा येतो, मग नावं कुठल्याही लिपीत असोत.

काही चिन्हं विंडोजला चालत नाहीत: दोन्ही तिरक्या रेघा, विसर्गासारखं कोलन, तारा, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरण, दोन कोनी कंस आणि उभी रेघ. लिनक्सवर यातली पहिली पुढे झुकलेली रेघ सोडून सगळी चालतात, म्हणून तिकडून इकडे येताना फाइल अडते. पेनड्राइव्हवरही तेच. मराठीत तारीख तिरकी रेघ मारून लिहायची आपली सवय इथं सोडावीच लागते. साल आधी, मग महिना, मग दिवस, मध्ये आडवी रेघ, हे बरं, त्यानं क्रमही लागतो.

एक अडचण तर खास आपलीच आहे. विंडोज कुठल्याही फाइल-फोल्डरच्या नावातलं शेवटचं टिंब गुपचूप गाळून टाकतं. आपले लेखक आद्याक्षरांनी ओळखले जातात. 'पु. ल.' असं फोल्डर लिनक्सवर केलं, तर विंडोजच्या लेखी शेवटचं टिंब नाहीच. लिनक्सवर टिंबासह आणि टिंबाविना अशी दोन फोल्डरं राहू शकतात, विंडोजवर त्यांचं एकच होतं. उपाय सोपा आहे, आडनाव लिहायचं: 'पु. ल. देशपांडे'.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो 'ऱ्या' नं. महात्मा फुले यांचं १८८३ सालचं 'शेतकऱ्याचा असूड' बाईंनी स्कॅन केलेलं होतं, फोल्डरात डोळ्यांसमोर दिसत होतं, आणि तेच नाव टाइप करून शोधलं तर मिळत नव्हतं. आमच्यापैकी कुणाचं तरी शुद्धलेखन चुकलं असेल म्हणून मी अक्षर न् अक्षर पाहिलं. काही चुकलं नव्हतं. हा 'ऱ्या' संगणकात तीन प्रकारे लिहिता येतो. एक, 'ऱ' हे स्वतंत्र चिन्ह घेऊन. दोन, साधा 'र' आणि त्याखाली वेगळं टिंब, म्हणजे नुक्ता. तीन, साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही हुबेहूब एकसारखे. यंत्राला मात्र ती तीन वेगळी नावं. मॅकची १९९८ पासूनची जुनी साठवण पद्धत तर पहिल्या प्रकाराचं आपण होऊन दुसऱ्यात रूपांतर करायची. २०१७ साली आलेल्या नव्या पद्धतीत दिलेलं नाव तसंच राहतं. पहिले दोन प्रकार एकच आहेत असं युनिकोड मानतं, त्यामुळे नीट लिहिलेली प्रणाली ते जुळवून घेते. तिसरा युनिकोडच्या लेखी वेगळाच, तो सहसा कुणी जुळवत नाही. बाई एका कीबोर्डवर टाइप करत होत्या, मी दुसऱ्यावर.

हे कळलं तेव्हा जुना मी असतो, तर म्हणालो असतो, पाहा, सांगत होतो ना, मराठी नकोच. या वेळी तसं मनात आलं नाही. दोष मराठीचा नव्हता, बाईंचाही नव्हता. आपल्या एका नेहमीच्या अक्षराची तीन रूपं चालू राहिली आणि ती एक करायचा आग्रह आपल्यापैकी फारशा कुणी धरला नाही, एवढंच होतं. माझ्यासारख्यांनी तर नाहीच धरला, कारण आम्ही मराठी नावं टाळण्यातच शहाणपणा मानत होतो.

भिंतीवरचा कागद मी काढला. बाईंनी नवा लिहिला, हातानं, चार ओळींचा. रोमन नावांच्या जुन्या फाइलींना मराठी नावं द्यायचं काम अजून चालू आहे; त्यातल्या काही उघडून पाहिल्याशिवाय ओळखता येत नाहीत.

तुमच्याकडे घरातली पत्रं, आजोबांची वही, गावच्या मंडळाचे अहवाल असं काही संगणकावर असेल, तर त्याला मराठीतच नाव द्या. पुढे ते शोधणारा मराठीतच शोधेल. आणि 'शेतकऱ्या', 'दऱ्या', 'वाऱ्या' असं काही लिहाल तेव्हा स्वतंत्र 'ऱ' वापरा. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून 'र' ची कळ दाबली की तो येतो.