माणिकगडावर बांधलेली तार

आमच्या घरात एक सवत नांदते. ती खरखरते, रात्री-अपरात्री शिट्या मारते आणि तिच्यापुढे आमच्या ‘ह्यां’ना जेवणाचंही भान राहत नाही. घाबरू नका हं! ती म्हणजे ह्यांचा हॅम रेडिओ. सरकारी परीक्षा देऊन, परवाना काढून घरबसल्या दूरच्या लोकांशी बिनतारी यंत्रावर बोलण्याचा हा छंद.

इतकी वर्षं माझा नि तिचा संबंध फक्त धूळ पुसण्यापुरता. पण एका पावसाळ्यात वर्धा-वैनगंगेला पूर आला. हे कामासाठी चंद्रपूरला गेलेले. रस्ता पाण्याखाली, वीज नाही, मोबाइल मुके. गोंडपिपरीत मी, दोन मुलं आणि सासूबाई. दोन रात्री ह्यांचा काही पत्ता नाही. यंत्र टेबलावर, बॅटरी भरलेली. पण मला ते लावताच येईना! डबाभर पीठ असून भाकरी थापता येऊ नये, तशी गत झाली.

म्हणून दिवाळीनंतर ह्यांनी “माणिकगडावर रेडिओ घेऊन जाऊ या” म्हटलं, तेव्हा मी नेहमीसारखा नन्नाचा पाढा लावला नाही. पहाटे उठून तिखट पुऱ्या आणि लाखोळीच्या डाळीचे वडे केले. बल्लारपूर, राजुरा करत गडचांदूर गाठलं. तिथून जिवतीच्या डोंगरांकडे वळलं की सागाचं रान सुरू होतं. इकडे गोंड आणि कोलाम बांधवांची वस्ती. रानात वाघाचा वावर, म्हणून वाटेतल्या गावातले एक काका सोबत घेतले. “मागं राहू नका जी,” हे त्यांचं पालुपद.

काळ्या दगडाचा हा किल्ला नागवंशी राजांचा. दरवाज्यावर कोरलेला नाग पाहून धाकट्याने आधी दोन पावलं मागे घेतली!

वर पोचल्यावर ह्यांनी बांबू उभा केला आणि त्याच्या टोकावरून दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर तार उतरवली, अगदी कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी. “डोंगरच कशाला हवा?” मी विचारलं. तर म्हणे, वस्तीतल्या विजेच्या उपकरणांची खरखर इथे नसते, त्यामुळे बारीक आवाजही ऐकू येतो. शिवाय हातातल्या लहान संचाच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, म्हणून जितकं उंच, तितका पल्ला लांब. तारेवरच्या लहरी मात्र आकाशातल्या विद्युतभारित थरावरून परततात आणि शेकडो किलोमीटरवर उतरतात.

थोड्या वेळाने खरखरीतून हैदराबादचे एक गृहस्थ बोलू लागले. आमचा आवाज स्वच्छ येतोय, म्हणाले. मोबाइलवर एकही रेघ नव्हती, आणि बारा व्होल्टच्या बॅटरीवर परराज्यातला माणूस आमची विचारपूस करत होता! निरोप घेताना ते म्हणाले, “त्र्याहत्तर.” या मंडळींच्या भाषेत त्र्याहत्तर म्हणजे शुभेच्छा. परवाना नसल्यामुळे मी आणि लेक फक्त ऐकत होतो. मला ते दोन रात्रींचं मुकेपण आठवलं.

वडे खाताना ह्यांनी भारती प्रसाद यांची गोष्ट सांगितली. २००४ च्या डिसेंबरात त्या याच छंदापायी अंदमानला गेल्या होत्या. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन बंद पडले. तेव्हा पोर्ट ब्लेअरहून त्यांनी रेडिओवरून कितीतरी घरांना आपल्या माणसांची खुशाली कळवली. छंदच कामी आला!

तुम्हीही जाणार असाल तर थंडीतच जा. पाणी भरपूर न्या, एकटंदुकटं रानात शिरू नका, ऊन कलायच्या आत खाली उतरा. रेडिओ नेणार असाल तर परवाना जवळ ठेवा, बाहेरगावाहून बोलण्याची मुभा त्यात आहे ना ते पाहा आणि वनखात्याला व पोलीस ठाण्याला आधी कळवा.

ही परीक्षा बारा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही देता येते. पहिल्या पायरीला मोर्सची कटकटही नाही. परत आल्यावर लेकीने नि मी मिळून अभ्यासाला सुरुवात केली आहे. रात्री ओटा आवरला की आम्ही दोघी पुस्तक घेऊन बसतो. सासूबाई हसतात, “सवतीशी जुळवून घेतलंस म्हणायचं!”

घेतलं खरं. पुढच्या पुरात मला मुकं राहायचं नाही.