खरकट्याचा कारभार

इंदुरात आमच्या घराण्याची ही पाचवी पिढी. होळकरांच्या पदरी कारकुनी करण्यासाठी साताऱ्याकडून आलेल्या आमच्या खापरपणजोबांनी बैलगाडीत काय काय घातले होते, याची यादी कोणी लिहून ठेवलेली नाही. मात्र पितळेची एक परात, दोन सतेली आणि एक घंगाळ त्या गाडीतून आले, असे आजी सांगत असे. पुढे प्रत्येक लग्नात, मुंजीत त्यांत भर पडत गेली. कोणत्या तांब्यावर कोणाचे नाव घातले आहे, कोणते फुलपात्र कोणाच्या बारशाचे, हे आमच्या घरातल्या बायकांना तोंडपाठ असे. ही भांडी दीडशे वर्षे रोज कोणी घासली, हे मात्र कोणत्याही भांड्यावर कोरलेले नाही. आम्हीही तो प्रश्न वयाची अडुसष्ट वर्षे स्वतःला विचारला नव्हता.

२०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदी लागली आणि मावशींचे येणे बंद झाले. मावशी म्हणजे आमच्याकडे एकवीस वर्षे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाई. सौभाग्यवतींची बोटे संधिवाताने आखडलेली. तेव्हा मोरीपुढचे आसन आम्हांला मिळाले. पहिल्या चार दिवसांत आमच्या ध्यानात आले, की भांडी घासणे हे एक काम नसून सात-आठ कामांची मालिका आहे. खरकटे काढणे, भिजवणे, तेलकट वेगळे ठेवणे, दुधाचे पातेले आधी गार पाण्याने धुणे (गरम पाण्याने साय चिकटते, हे आम्हांला कोणत्याही विद्यापीठाने शिकवले नव्हते), मग घासणे, विसळणे, पालथे घालणे, पुसणे. पाचव्या दिवशी कढईच्या तळाशी लागलेल्या पिठल्याने आमचा पराभव केला. आम्ही ती कढई रात्रभर भिजत ठेवली आणि त्याला दूरदृष्टी असे नाव दिले.

ते दिवस सरले, मावशी परत आल्या, आणि आम्ही कृतघ्नपणे पुन्हा वर्तमानपत्राकडे वळलो. पुढली काही वर्षे तशीच गेली. गेल्या पावसाळ्यात मात्र मावशींच्या हाताची कातडी जागोजाग फाटली. त्वचेच्या डॉक्टरांनी साबणाच्या पाण्यात हात घालायचा नाही असे बजावले. साबणाच्या पाण्यात हात न घालता मावशींनी चार घरची कामे कशी करावीत, हे त्यांनी सांगितले नाही. बंगळूरहून चिरंजीवांचा फोन आला, “बाबा, डिशवॉशर घ्या, विषय संपवा.” त्या पिढीला विषय संपवण्याची फार घाई असते.

विषय संपला नाही. आमच्या घरी तो तीन महिने चालला.

आम्ही आधी आमच्या स्वभावाप्रमाणे पुस्तकी मार्गाने निघालो. या यंत्राची कूळकथा मोठी गमतीची निघाली. अमेरिकेतल्या इलिनॉय प्रांतातील शेल्बीव्हिल गावच्या जोसेफिन कॉक्रन या सुखवस्तू घरातील बाईंनी ते बनवले आणि १८८६ साली त्याचे पेटंट मिळवले. घराण्यातली चिनी मातीची जुनी भांडी नोकरांच्या हातून टवके उडून खराब होत, या त्राग्यातून ही कल्पना निघाली, असे सांगतात. पतीच्या मागे कर्ज उरले तेव्हा त्यांनी या यंत्रालाच पोटापाण्याचे साधन केले. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते मांडले गेले. त्याच वर्षी त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले, हे आपण शाळेत शिकतो. तेव्हा तिथेच भांडी घासण्याचा प्रश्नही सुटत होता, हे आम्हांला कोणी शिकवले नाही. गिऱ्हाइके आधी मिळाली ती हॉटेले. घराघरांत हे यंत्र शिरायला पुढे अर्धे शतक लोटले. वडिलोपार्जित भांड्यांच्या मायेतून जन्मलेले यंत्र आमच्या वडिलोपार्जित भांड्यांना चालत नाही, हे आम्हांला पुढे कळायचे होते.

दुकानात गेलो तर तिथला तरुण “अंकल, बारा प्लेस सेटिंगची घ्या, बारा माणसांची भांडी मावतील” असे म्हणू लागला. आम्ही खोदून विचारले तेव्हा समजले, की प्लेस सेटिंग म्हणजे युरोपीय पंगतीतले एक पान. त्यात एक मोठी बशी, एक सूपची, एक लहान, कपबशी, पेला आणि काटे-चमचे. आमच्या पानात तीन वाट्या असतात, फुलपात्र असते, आणि त्या पानामागे मोरीत कुकर, कढई, दोन पातेली, परात, झारा, डाव आणि ताकाचा गंज उभा असतो. साहेबाच्या बारा पानांचे यंत्र आमच्या चार-पाच माणसांच्या दोन वेळच्या स्वयंपाकाला जेमतेम पुरते. आठ सेटिंगचे, पंचेचाळीस सेंटिमीटर रुंदीचे अरुंद यंत्र जागा वाचवते खरे. पण त्यात मोठे ताट उभे केले की कढईला रजा द्यावी लागते. ज्यांच्या घरी सणावाराला पाहुणा येतो, त्यांनी अरुंद यंत्राच्या मोहात पडू नये, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे.

खरा शहाणपणा सौभाग्यवतींनी दाखवला. दुसऱ्या खेपेस निघताना त्यांनी कापडी पिशवीत घरचे सर्वांत मोठे ताट, एक खोल वाटी आणि पिठल्याची ती ऐतिहासिक कढई घातली आणि मावशींना म्हणाल्या, “चला बरं बरोबर. वापरायचं तुम्हांला, आणि निवडायचं यांनी, हे कसलं?”

मावशी मूळच्या माळव्यातल्या. आमच्याशी मराठी-हिंदीची खिचडी बोलतात. त्या रिक्षात बसल्या, पण गप्प होत्या. राजवाड्याजवळ आल्यावर हळूच म्हणाल्या, “काकी, मशीन आएगी तो फिर मेरा क्या?”

सौभाग्यवतींनी आमच्याकडे पाहिले. आम्ही बर्तन बाजाराकडे पाहिले. तीन महिने आम्ही कॅल्शियम, किलोवॉट आणि सेंटिमीटर यांचा अभ्यास केला होता. हा हिशेब मात्र कोणत्याही कागदावर मांडला नव्हता. एकवीस वर्षांत मावशींचा पगार कितीदा आणि किती वाढला, हेही आम्हांला आठवून सांगता येईना. शेवटी सौभाग्यवतीच म्हणाल्या, “पगार आहे तोच राहील. काम बदलेल.” मावशींनी मान हलवली, पण ती होकाराची होती असे आम्ही छातीठोकपणे सांगणार नाही.

दुकानात मावशींनी जी परीक्षा घेतली, ती आम्हांला सुचली नसती. त्यांनी खालची टोपली ओढली, ताट उभे केले आणि वरचा पंखा हाताने फिरवून पाहिला. ताटाची कड पंख्याला अडली. “ये घूमेगा नहीं तो पानी कैसे मारेगा?” दुकानातल्या तरुणाने कबूल केले, की हे फिरते हातच पाण्याचे फवारे मारतात, ते अडले की अर्धी भांडी तशीच राहतात. मग वरची टोपली उचलून एक खाच वर बसवता येते असे दुसरे यंत्र त्याने दाखवले. ताट मावले. कढई पालथी, किंचित तिरपी बसली. खोल वाट्या नीट उलट्या राहतात की त्यांत पाणी साचते, हेही त्यांनी पाहिले. “जाळी निकलती है?” असे विचारून तळाची गाळणी स्वतः फिरवून काढली आणि पुन्हा बसवली. आमच्या हातातला माहितीचा कागद आम्ही घडी करून खिशात ठेवला.

एका बाबतीत मात्र आमचा अभ्यास कामी आला, आणि तो पाण्याचा. नर्मदेचे पाणी इंदुरात १९७८ साली आले. ते येण्याआधीची टंचाई आमच्या वयाच्या प्रत्येकाला आठवते. आजही आमच्या भागात ते एक दिवसाआड येते आणि मधल्या दिवशी बोअरिंगवर भागवावे लागते. काळ्या पाषाणातले ते पाणी जड. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, किटलीच्या तळाशी पांढरा थर बसतो. पिण्याच्या पाण्यात लिटरला दोनशे मिलिग्रॅमपर्यंत जडपणा असावा, अन्य सोय नसल्यास सहाशेपर्यंत चालवून घ्यावा, असे भारतीय मानक सांगते. आमच्या बोअरिंगचा जडपणा या दोहोंच्या मधला निघाला. यंत्राच्या पोटात राळेसारख्या बारीक मण्यांची एक कुपी असते. ती पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवते आणि बदल्यात सोडियम सोडते. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुऊन त्यांना पुन्हा ताजे करावे लागते. म्हणून यंत्राला वेळोवेळी मीठ घालायचे, तेही जाडे, शुद्ध, त्यासाठीच मिळणारे. जेवणातले मीठ घातले तर ते मोकळे राहावे म्हणून मिसळलेल्या पदार्थांनी कुपी बिघडते. ज्या यंत्रात मिठाची ही सोय नाही आणि जडपणाप्रमाणे ती कमी-जास्त करता येत नाही, ते माळव्यात घेऊ नये. चार महिन्यांत पेल्यांवर धुके साचेल.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगून टाकतो. सोळा अँपिअरचे स्वतंत्र बटण हवे. टाकी नळाच्या फार जवळ असेल तर पाण्याचा दाब अपुरा पडतो. अर्ध्या बारचा दाब मिळायला टाकी सुमारे पाच मीटर उंच लागते. आमचे स्वयंपाकघर तळमजल्यावर आणि टाकी गच्चीवर, म्हणून निभावले. सांडपाण्याची नळी वर उचलून मगच खाली सोडावी, नाहीतर मोरीचे पाणी यंत्रात परत येते. फोडणीच्या भांड्यांसाठी सत्तर अंश तापणारा कार्यक्रम हवा. रोजच्या ताटवाट्यांना पन्नास अंशांचा, काटकसरीचा पुरतो. तो सर्वांत जास्त वेळ घेतो आणि सर्वांत कमी वीज, हे आम्हांला पटायला वेळ लागला. पाणी एका खेपेला दहा-बारा लिटर. मोरीत त्याच भांड्यांना आम्ही टाळेबंदीत बादल्यांवर बादल्या ओतल्या होत्या. भांडी आधी विसळून घालू नयेत, खरकटे फक्त निपटावे. पावडरीतल्या विकरांना काम हवे असते. निपटलेले खरकटे ओल्या कचऱ्याच्या डब्यात. गाडी गाणे वाजवत दारात येते, आणि या बाबतीत इंदूरकरांना कोणी शिकवायला नको.

यंत्र आले. सोबत आलेल्या पुस्तिकेत काय घालू नये याची यादी होती. त्यात ॲल्युमिनियम, लाकूड, लोखंडी तवा, निर्लेप, तांबे, पितळ, कल्हई हे सगळे होते. म्हणजे आमचे अर्धे फडताळ. सौभाग्यवतींनी ती यादी मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावली. आणि आठव्या दिवशी आम्हीच, उत्साहाच्या भरात, रात्रीची भांडी लावताना आजीचे बारशाचे पितळी फुलपात्र स्टीलच्या पेल्यांच्या रांगेत उभे केले. सकाळी दार उघडले तो ते काळवंडून तांबूस, निस्तेज झालेले. त्या पावडरीचा क्षार पितळेला मानवत नाही. आम्ही ते घाईने पंचात गुंडाळले आणि कपाटामागे ठेवले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी वस्तू लपवण्याचा अनुभव काही औरच असतो.

मावशींनी ते दुसऱ्याच दिवशी शोधून काढले. त्यांना मराठी अक्षर वाचता येत नाही. पण फुलपात्र उजेडात धरून, कोरलेल्या नावावरून अंगठा फिरवत त्या म्हणाल्या, “ये तो आजी का है. वो टेढ़ा वाला ‘य’ है ना.” एकवीस वर्षांत आमच्या घराण्याची नावे त्यांनी बोटांनी वाचली होती. मग त्यांनी हातमोजे चढवले, चिंच भिजवली, मीठ घेतले आणि अंगणातल्या दगडापाशी बसल्या. आम्ही शेजारी पाटावर बसलो आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे आत जमलेला काळा थर चिंचेच्या चोथ्याने घासू लागलो. रंग पुष्कळ परत आला, कडेचा एक डाग मात्र गेला नाही.

पगार आहे तोच राहिला. मावशींनी पहिल्या महिन्यात अर्धा परत आणून ठेवला होता. “फुकट का नहीं चाहिए” म्हणाल्या. आता त्या भाजी निवडतात, पितळ-तांबे आठवड्यातून एकदा उजळतात, आणि यंत्र लावतात. आम्ही लावलेले त्यांना पसंत पडत नाही. वाट्या उताण्या राहतात म्हणे. त्यांच्या दुसऱ्या दोन घरांतही यंत्रे आली आहेत, आणि तिथले काम सुटले, हे त्यांनी आम्हांला सांगितले नाही; सौभाग्यवतींना शेजारून कळले. परवा यंत्रावरचा मिठाचा लाल दिवा लागला. मावशींनी डबा आणला, झाकण काढले, नसराळे लावले आणि मीठ ओतता ओतता विचारले, “काकी, आपके बेटे के उधर बंगलोर में किसी को बाई चाहिए क्या? मेरी बहू जाने को तैयार है.”

सौभाग्यवतींनी फोन हाती घेतला.