सहा कुप्या

आमचे थोरले बंधू, अण्णा, दुकानाच्या खतावणीत एका पैशाची चूक खपवून घेत नसत. मे २०२१ मध्ये मिरजेच्या रुग्णालयात डॉक्टरांनी मला एक हिशेब सांगितला, तेव्हा मला त्यांचीच आठवण झाली. वजन ६० किलो. किलोमागे ५ मिलिग्रॅम. म्हणजे दिवसाला ३०० मिलिग्रॅम. एका कुपीत ५०. रोज सहा कुप्या, आणि त्याही काही आठवडे.

अण्णांचा मधुमेह जुना. कोरोनातून ते सुखरूप घरी आले आणि दहाव्या दिवशी त्यांचा डावा गाल सुजला, वरचे दात हलू लागले. निदान झाले म्युकरमायकोसिसचे. शस्त्रक्रियेने सडलेला भाग काढला. उरलेल्या बुरशीसाठी अम्फोटेरिसिन-बी हवे होते, तेही लायपोसोमल स्वरूपातले. ते कुठेच मिळेना.

"साधे चालणार नाही का?" मी विचारले. ते कितीतरी स्वस्त होते आणि हाताशी होते. आज कबूल करतो, प्रश्नात पैशाचा विचारही होता. दुसरा मार्ग नसल्याने दोन दिवस साधेच दिले गेले. अण्णांना अंग उडवणारी हुडहुडी भरे. क्रिएटिनिन १.३ वरून २.१ वर गेले.

तेव्हा डॉक्टरांनी समजावले. बुरशीच्या पेशीच्या आवरणात अर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो. औषध त्याला चिकटते आणि आवरणाला भोके पाडते. आपल्या पेशींतील कोलेस्टेरॉल त्याच्याच कुळातले. औषध त्यालाही थोडेफार चिकटते आणि मूत्रपिंडांना इजा होते. लायपोसोमल प्रकारात हेच औषध स्निग्ध पदार्थांच्या सूक्ष्म गोळीच्या आवरणात बसवलेले असते. ही गोळी शंभर नॅनोमीटरहून लहान असते; केसाच्या जाडीत अशा हजारएक गोळ्या ओळीने मावतील. रक्तातून फिरताना ती औषध सहसा सोडत नाही; बुरशीशी गाठ पडली की सोडते. म्हणून साध्या औषधाच्या कितीतरी पट मात्रा देता येते. तरीही मूत्रपिंडांवर आणि रक्तातील पोटॅशियमवर रोज नजर ठेवावीच लागते.

पुढे वाचनात आले की, असेच औषध आपल्या देशातही घडवले गेले होते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि दिल्ली विद्यापीठातील प्रा. बच्छावत यांनी त्यावर काम केले. निदानातही असे कण असतात, हेही तेव्हाच कळले. कोरोनाच्या झटपट चाचणीच्या अनेक पट्ट्यांवर उमटणारी लाल रेघ सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांची असते. एवढ्या लहान आकारात सोने पिवळे न दिसता लालसर दिसते. अण्णांच्या आजाराची पहिली वर्दी बहुधा सोन्यानेच दिली होती!

तिसऱ्या दिवशी पुण्याहून आमच्या भाच्याचा एक मित्र रात्रभर गाडी चालवत बर्फाच्या डब्यातून बारा कुप्या घेऊन आला. नंतर जिल्ह्याच्या वाटपातून थोड्या थोड्या मिळत गेल्या. परिचारिका ते पिवळसर औषध सलाइनमध्ये नव्हे, ग्लुकोजच्या पाण्यात मिसळत. मिठाच्या पाण्यात त्याचा साका होतो. साखर वाढू नये म्हणून इन्सुलिनची मात्रा सांभाळावी लागे.

शेजारच्या खाटेवरील गृहस्थांचा मुलगाही त्याच यादीत नाव लावून उभा असे. त्याच्या कुप्या उशिरा आल्या. देहाच्या आत बुरशीपर्यंत पोहोचणारा कण माणसाने घडवला. पण ती कुपी रुग्णाच्या खाटेपर्यंत वेळेवर पोहोचवणे त्याला साधले नाही, हे शल्य अजून जात नाही.

अण्णा बरे झाले. डावीकडचे वरचे दात गेले. आता टाळूला कवळी आहे. घरी आल्यावर त्यांनी प्रथम खतावणी मागितली. एकूण कुप्या किती, कोणी किती आणल्या, सारे लिहून घेतले. रकमा फिटल्या. पुण्याहून आलेल्या त्या मुलापुढे त्यांनी रकाना मोकळाच ठेवला आहे.

वाचकांना एवढेच सांगणे की, घरात मधुमेही असेल तर मोठ्या आजारानंतर साखर नियमित तपासा. गाल सुजला, बधिर झाला किंवा नाकातून काळसर स्राव आला, तर एक दिवसही थांबू नका. औषध कितीही सूक्ष्म असो, त्याला वेळेवर बोलावणे आपल्याच हाती असते.