स्वस्त दराचे मोल

धर्मग्रामाचा कारभार पाहणाऱ्या धर्मगुरूस खरेदी चुकत नाही. कधी प्रार्थनामंदिराच्या फरशीचे काम निघते, कधी सणाच्या निमित्ताने जपमाळा आणाव्या लागतात. तीन ठिकाणची दरपत्रके मागवावीत आणि सर्वांत स्वस्त असेल ते पत्करावे, असा सर्वत्रच शिरस्ता आहे. पैसा गोरगरिबांच्या दानाचा. तो जपून खर्चावा हे योग्यच. परंतु दर स्वस्त का, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

वाचकहो, गोध्रा आमच्या बडोद्यापासून फार दूर नाही. तेथील कारखान्यांत गारगोटी दळून तिची भुकटी करीत. काच बनविण्यास ती लागते. मध्य प्रदेशातील झाबुआ, अलिराजपूर, धार या भागांतून आदिवासी स्त्रीपुरुष तेथे मजुरीस येत. ही धूळ श्वासाबरोबर फुप्फुसांत उतरली की तेथेच रुतते आणि श्वास हळूहळू कोंडत जातो. या रोगास सिलिकोसिस म्हणतात. तो बरा करणारे औषध नाही, आणि पुष्कळदा त्यास क्षय समजूनच उपचार होतात. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१० साली भरपाईची शिफारस केली. तरीही २३८ मृतांच्या वारसांना गुजरात सरकारने प्रत्येकी ३ लाख रुपये द्यावेत, अशी आज्ञा सर्वोच्च न्यायालयास ४ मे २०१६ रोजी करावी लागली.

त्या भुकटीची काच कोणाच्या खिडकीस लागली, हे आज कोणीही सांगू शकणार नाही. गिरणीवाला, व्यापारी, काचेचा कारखाना, दुकान अशा हातांतून माल फिरतो. प्रत्येकजण आपल्या मागच्यास ओळखतो, त्याच्याही मागच्यास नाही. दोष असा वाटला जातो, की तो कोणाच्याच वाट्यास येत नाही.

खंबायतचा अकीक तर प्राचीन काळापासून परदेशी जातो. तेथे घरोघरी फिरत्या चाकावर दगड घासून मणी करतात. ती धूळ कारागिराबरोबरच चुलीपाशी बसलेल्या त्याच्या पत्नीच्या आणि मुलांच्याही छातीत जाते. कारखाना म्हणावा तर ते घर. म्हणून कारखान्यांचा कायदा तेथवर सहसा पोचत नाही. आमच्याच बडोद्यातील पीपल्स ट्रेनिंग अँड रिसर्च सेंटर ही संस्था या कारागिरांसाठी कित्येक वर्षे झटत आहे.

सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे सरकार. रेल्वे, महापालिका, इस्पितळे यांच्या निविदांत बहुधा सर्वांत कमी दर जिंकतो. जो मालक धूळ ओढून घेणारे यंत्र बसवितो आणि मजुराचे नाव हजेरीपटावर लिहितो, त्याचा दर चढतो व तो हरतो. म्हणून अट निविदेतच आणि सर्वांस सारखी हवी. जर्मनीतील बव्हेरिया राज्याने २०१६ साली कायदा करून गावोगावच्या कारभाऱ्यांस असा अधिकार दिला, की बालमजुरीने घडविलेल्या शिळा आपल्या दफनभूमीत लावू देऊ नयेत. तेथील थडग्यांसाठी भारतातूनही दगड जातो. मृताच्या स्मरणासाठी जिवंत लेकराने झिजू नये, हे त्यामागील तत्त्व.

कोणी म्हणेल, मग खंबायतचे मणी घेऊच नयेत. हे आम्हांस पटत नाही. गिऱ्हाइकाने पाठ फिरविली तर आजारी छाती तशीच राहील आणि चूलही विझेल. माल घ्यावा, पण विचारून घ्यावा, आणि धूळ आवरण्यास लागणारे चार पैसे दरात मोजावेत.

आमच्या दरपत्रकाच्या मागणीत आता दोन ओळी वाढविल्या आहेत : माल कोठे घडला? घडविणाऱ्यांस धुळीपासून कोणते संरक्षण आहे? काही दुकानदार हसले. एकाने मात्र चौकशी करून उत्तर आणले. त्याचा दर थोडा चढा होता. गरिबांच्या दानातून ही वरची रक्कम द्यावी काय, यावर धर्मग्राम मंडळात तासभर वाद झाला. शेवटी एक वृद्ध विधवा सभासद म्हणाल्या, "फादर, माझे दान कोणाच्या छातीवर बसू नये." मग रक्कम मंजूर झाली.

वाचकहो, आपणही शाळेच्या, सोसायटीच्या वा पंचायतीच्या खरेदीत बसत असाल. तेथे हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत.