धुऱ्याकडचे दोन तास

कुंपणच शेत खातं, असं हळहळून म्हणणाऱ्यानं स्वतःच्या शेताला कधी कुंपण घातलेलं नसावं. आमच्या जऊळक्याकडे कुणालाही विचारा, कुंपण खातंच. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बोरीबाभळी माजल्या की सावलीत तूर खुरटते, मुळ्या खालून ओल ओढतात. धुऱ्याला लागून पेरलेले पहिले दोन तास, म्हणजे त्या दोन ओळी, हिशेबात धरायच्याच नाहीत. तरी बाभळी कुणी तोडत नाही. रोही आणि रानडुकरं एका रात्रीत सोयाबीनचं वावर तुडवून जातात. त्यापुढे दोन तास काय! आता सौर झटका मशीन आली, तारेतून विजेचा झटका देणारी. तिला ना सावली, ना मुळ्या. पण मालक ओळखायची अक्कलही नाही. पहाटे ओलीत करायला गेलेल्या धन्यालाही ती तस्साच झटका देते.

दोन तासांचे चार कधी झाले, हे बघायचं कुणी? कोतवाल म्हणजे शहराचं कुंपणच. घाशीराम 1777 ते 1791 पुण्याचा कोतवाल होता. नाना फडणवीसांना धुऱ्याकडे फिरकायला सवड नव्हती, की तेवढं खाणं चालत होतं? ऑगस्ट 1791 मध्ये चोरीच्या संशयावरून तेलंगी ब्राह्मण कोंडले गेले, विसाहून जास्त गुदमरून मेले. नानांनी आधी कोतवालाचंच ऐकलं. कुलूप फोडलं ते सरदार मानाजी फाकड्यांनी. मग जमावानं घाशीरामाला दगडांनी ठेचलं. त्याला न्याय म्हणणारे भेटतात. मला त्यात नुसता उशीर दिसतो.

अकोला तर हाकेच्या अंतरावर. एप्रिल 2021 मध्ये तिथल्या सिटी कोतवाली ठाण्यात एका पोलीस निरीक्षकाच्या तक्रारीवरून परमबीर सिंह यांच्यावर गुन्हा नोंदला गेला. तक्रार ते ठाणे शहराचे पोलीस आयुक्त होते तेव्हाची. मुंबईच्या आयुक्तपदावरून त्यांची बदली झाली मार्च 2021 मध्ये, आणि गृहमंत्र्यांवर शंभर कोटींच्या वसुलीचा आरोप करणारं त्यांचं पत्रही बदलीनंतरचंच. खरं-खोटं कोर्टानं पाहावं. मला या तारखा टोचतात. खुर्ची हलल्याशिवाय काहीच कागदावर येत नाही का?

सर्वोच्च न्यायालयानं 2006 मध्ये पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी वेगळी प्राधिकरणं नेमायला सांगितली. म्हणजे कुंपणाला कुंपण. त्याच्या वाट्याचे दोन तास कुणी सोडायचे?

आमच्याकडे ठाण्याची पायरी चढण्याआधी माणूस एवढंच विचारतो, ‘साहेब कोणाच्या ओळखीचे हायेत का?’ त्याला नावं ठेवावीत, असं पूर्वी ठामपणे वाटायचं. आता तितकंसं वाटत नाही.