खाली इंग्रजी, बाजूला कोरियन

दक्षिण कोरियात राहायला येऊन मला तीन वर्षं होत आली होती, तरी तिथल्या थिएटरात एकही कोरियन सिनेमा मी धड पाहिला नव्हता. पुण्यात असताना चिक्कार पाहिले होते, कारण खाली इंग्रजी अक्षरं यायची. कोरियात कोरियन सिनेमाला अक्षरं कोण कशाला लावेल? सुवॉनच्या मल्टिप्लेक्समध्ये दोनदा जाऊन बसले. शेजारचे हसले की पाठोपाठ मी हसायचे, पण एक ठोका उशिरा. तिसऱ्यांदा गेलेच नाही.

हे रडगाणं मी लॅबमधल्या ओन्नीपुढे गायले. ओन्नी म्हणजे ताई. वयाने मोठ्या मैत्रिणीला इथे नावाने हाक मारत नाहीत, त्यामुळे तिचं नाव मला आठवावंच लागत नाही. ती मूळची बुसानची. म्हणाली, "मग आमच्या फेस्टिव्हलला चल. तिथे कोरियन सिनेमालाही इंग्रजी असतं."

बुसान इंटरनॅशनल फिल्म फेस्टिव्हल म्हणजे बिफ. पुण्याच्या माणसाला हे नाव ऐकून गुदगुल्या होणारच, कारण 2011 पर्यंत त्याचं लघुरूप 'पिफ' होतं, आपल्या पुण्याच्या महोत्सवासारखंच. रोमन लिपीत शहराचं स्पेलिंग पुसानचं बुसान झालं आणि काही वर्षांनी महोत्सवानेही पाटी बदलली. कोरियन लिपीत मात्र आधीही तेच अक्षर होतं, आताही तेच आहे, म्हणजे हा सगळा खटाटोप आम्हा परदेशी लोकांसाठी. त्यातून कोरियनमध्ये ऱ्हस्व-दीर्घ वेगळं लिहीत नाहीत. त्यामुळे बिफ लिहिलं काय आणि बीफ लिहिलं काय, अक्षरं एकच. बाबांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "पिफसाठी कोरियात कशाला जायचं? जानेवारीत इकडेच ये. मी रुमाल टाकून जागा धरतो."

बुसानला रुमाल चालत नाही, तिथे रक्त लागतं. तिकिटं ऑनलाइन, ठरलेल्या मिनिटाला खुली होतात आणि नावाजलेले सिनेमे बघता बघता संपतात. या झटापटीला कोरियन लोकांनी रक्त आणि तिकीट हे दोन शब्द जोडून एक नवाच शब्द केलाय, 'फिकेटिंग'. ओन्नी आम्हाला पीसी बांगमध्ये घेऊन गेली. तिथे पोरं रात्र रात्र गेम खेळतात, म्हणून इंटरनेट बंदुकीच्या गोळीसारखं. एका स्क्रीनवर सेकंदाचं घड्याळ लावून चौघं माऊसवर बोट ठेवून बसलो. चौघं म्हणजे ओन्नी, मी, पोस्टडॉक करणारा कोल्हापूरकर आणि कोलकात्याचे दादा. "आमच्याकडे फेस्टिव्हल 1995 पासून आहे, बुसानच्या एक वर्ष आधी," हे दादांनी तेवढ्यातही ऐकवलं आणि त्या नादात त्यांचं क्लिक हुकलं. शेवटी चार सिनेमांची तिकिटं मिळाली, पण एकाही खेळाला चार खुर्च्या शेजारी नाहीत. ओन्नीला त्याचं काहीच वाटलं नाही. "सिनेमा बघायचाय ना? गप्पा जेवताना मार."

2024 चा महोत्सव 2 ऑक्टोबरला सुरू झाला. 3 ऑक्टोबर हा कोरियाचा राष्ट्रस्थापना दिन, म्हणून सुट्टी. आपल्याकडे त्याच दिवशी घटस्थापना. सकाळी सोल स्टेशनवरून केटीएक्स पकडली. देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पावणेतीन तासांच्या आत नेते ही गाडी. कोल्हापूरकर एकदा रुळांकडे बघायचा आणि एकदा घड्याळाकडे. कोयना एक्स्प्रेसचा विषय काढायचा नाही, असं आमचं आधीच ठरलं होतं.

दक्षिणेकडे जाऊ लागलो तशी ओन्नी बदलली. आईचा फोन आला आणि लॅबमध्ये हळू, गोड बोलणारी आमची ओन्नी आवाज चढवून, शब्दांची शेपटं तोडत बोलायला लागली. मला वाटलं, भांडण झालं. "छे! आई विचारत होती, जेवायला काय करू." बुसानची बोली सोलच्या लोकांना अशीच रांगडी वाटते. ते ऐकल्यापासून कोल्हापूरकर फार खुश होता.

समुद्राकाठच्या हॉटेलांचे दर आमच्या स्टायपेंडला झेपणारे नव्हते, म्हणून उतरलो ओन्नीच्या आईकडे, नाम्पोदोंगजवळच्या चढावरच्या जुन्या घरात. हा महोत्सवाचा मूळचा मोहल्ला. 1996 मध्ये पहिला महोत्सव भरला तो इथल्याच थिएटरांत. त्या वर्षी कोरियात जपानी सिनेमा सार्वजनिक ठिकाणी दाखवायला बंदी होती. बंदी उठायला सुरुवात झाली ती 1998 मध्ये. महोत्सवात मात्र जपानी सिनेमे लागले. महोत्सव संपून दोन-तीन आठवडे होतात न होतात, तोच घटना न्यायालयाने सिनेमाची पूर्वतपासणीच घटनाबाह्य ठरवली. तो काळ ओमोनींच्या, म्हणजे ओन्नीच्या आईच्या, लक्षात आहे तो वेगळ्याच कारणाने. "पोरं रस्त्यावर वर्तमानपत्रं अंथरून बसायची. माझ्या बहिणीचं दुकान जगाल्चीच्या मासळी बाजारात. तिला वाटलं, संप आहे."

ओमोनींनी माझ्यासाठी जेवण केलं होतं, आणि इथे पंचाईत झाली. नवरात्रात मी मांस-मासळी खात नाही. बुसानमध्ये हे म्हणणं म्हणजे मालवणला जाऊन मासे नको म्हणण्यासारखंच. मिलम्योन हे इथलं खास थंड सूपमधलं खाणं. कोरियन युद्धात उत्तरेकडून आलेल्या निर्वासितांना शेवयांसाठी आपलं नेहमीचं बकव्हीट मिळेना, म्हणून त्यांनी गव्हाच्या केल्या. पण त्या शेवया पोहतात मांसाच्या पाण्यात. किमचीत मासळीचं खारं, पालेभाजीच्या सूपमध्ये सुकी मासळी. ओमोनींनी एकेक वाटी माझ्यापुढून उचलली. शेवटी माझ्यापुढे भात, तिळाचं तेल आणि समुद्री शेवाळाचे भाजलेले कागद उरले. चव उत्तम होती. दादा मात्र पूजेच्या दिवसांत मासे खाणं हा आपला हक्क आहे असं सांगत सगळ्यांच्या वाट्याचं खाऊन मोकळे झाले. कोल्हापूरकराने डुकराच्या हाडांचं ते इथलं प्रसिद्ध पांढरं सूप, दॅजी गुकबाप, ओरपलं आणि निकाल दिला : "पांढरा रस्सा आहे, पण याला तांबड्याची सोबत हवी."

रात्री साडेअकरानंतर फोन टणटणायला लागले. भारतात तेव्हा आठ वाजून गेले होते. केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला होता. मराठी, पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली, अशा पाच भाषांना एकदम. उबदार जमिनीवर गाद्या टाकून पडलेले आम्ही तिघं उठून बसलो. बंगालीला हे फार आधीच मिळायला हवं होतं, असं दादा म्हणाले. आम्ही दोघं मराठीबद्दल तेच म्हणालो. अंधारातून ओन्नीने विचारलं, "म्हणजे आता सुट्टी मिळणार?" तिचा प्रश्न गंभीर होता. पुढच्याच बुधवारी, 9 ऑक्टोबरला, हंगुल दिवस होता. इथे लिपीच्या नावाने अख्खा देश सुट्टी घेतो. मध्ये ती सुट्टी काढून घेतली होती, 2013 पासून परत दिली. "आमच्याकडे बहुतेक समिती मिळेल," कोल्हापूरकर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मेट्रोने सेंटम सिटी. पूर्वी इथे विमानतळ होता. आता काचेचे मनोरे आहेत, जगातलं सर्वांत मोठं म्हणून गिनेस बुकात गेलेलं डिपार्टमेंट स्टोअर आहे आणि त्याच्यासमोर बुसान सिनेमा सेंटर. 2011 मध्ये उघडलेल्या या इमारतीचं छप्पर एकाच खांबातून पुढे झेपावतं, 85 मीटर, आणि खालून दिव्यांनी पेटतं. छपराखाली चार हजार खुर्च्यांचं उघडं थिएटर. थक्क व्हायला होतं, हे खरं. पण मला नाम्पोदोंगची वर्तमानपत्रं जास्त आवडली. सरकारचा पैसा आला की छप्पर मिळतं आणि छपराबरोबर हातही येतो. 2014 मध्ये सेवोल जहाजाच्या दुर्घटनेवरचा माहितीपट दाखवू नका, असा महापौरांचा आग्रह होता. महोत्सवाने तो दाखवला. त्यानंतर अनुदान कापलं गेलं, संचालकांना जावं लागलं, चित्रपटवाल्यांनी बहिष्कार घातला. ओन्नी हे सांगताना पुन्हा बुसानी बोलायला लागली. त्या वर्षीही तिची तक्रार होतीच, उद्घाटनाला नेटफ्लिक्सचा सिनेमा लावला म्हणून. हे इथे पहिल्यांदाच घडत होतं. "तो मी घरी चादरीत बसून बघेन. त्यासाठी बुसान कशाला?"

आमचा पहिला कोरियन सिनेमा एका नव्या दिग्दर्शकाचा, छोटासा, आई-मुलीचा. दिवे मालवले, आई काहीतरी पुटपुटली आणि खाली इंग्रजी उमटलं. मी हसले. सगळ्यांबरोबर, त्याच क्षणी! तीन वर्षं बसमध्ये, बाजारात, लॅबच्या जेवणात अर्धंमुर्धं कानावर पडलेलं बोलणं आता पुरतं कळत होतं. दुकानदार रोज काय म्हणत असतो ते मला तिथे कळलं. पण सिनेमा संपला, दिग्दर्शक प्रश्नोत्तरांना आला. इथे त्याला जीव्ही म्हणतात. प्रेक्षक वहीत टिपून ठेवलेले लांबच लांब प्रश्न विचारू लागले आणि पडदा कोरा. मी पुन्हा एक ठोका मागे.

मग रीमा दास यांचा 'व्हिलेज रॉकस्टार्स 2'. पहिला भाग त्यांनी आसाममधल्या आपल्याच गावात, कॅमेरा आणि संकलनही स्वतःच सांभाळून केला होता. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गिटारचं वेड घेतलेली ती लहानगी धुनू या भागात मोठी झालीय. वेड तेच आहे, फक्त आता घरही तिच्याकडे बघतंय. भूमिकेत भनिता दासच, म्हणजे मुलगी खरोखर मोठी झालेली दिसते.

पडद्यावर खाली इंग्रजी, उजव्या कडेला उभी कोरियन अक्षरं. शेजारी साठीचे एक गृहस्थ बसले होते. सिनेमा सुरू होण्याआधीच त्यांनी विचारून घेतलं होतं की मी भारतातली का, आणि हो म्हटल्यावर आदराने थोडे सरकून बसले होते, जणू मी यजमान. दिवे लागले तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "तुमची भाषा ना ही?"

नाही म्हणाले. मलाही एक अक्षर कळलं नाही. तुम्ही बाजूचं वाचत होतात, मी खालचं.

त्यांना ते खरं वाटेना. मग मी माझ्या मोडक्या कोरियनमध्ये समजावलं की कालच रात्री त्या भाषेला आणि माझ्या भाषेला एकाच यादीत एकच मान मिळाला, पण त्या एकमेकींना ओळखत नाहीत. ते मोठ्याने हसले. त्यांचं कोरियन मला सगळं कळलं, कारण ते एवढंच म्हणाले, "म्हणजे आपण सारखेच." मागून दादा सांगत आले की त्यांना निम्मं आसामी अक्षरांशिवाय समजलं. खरंखोटं तेच जाणोत.

संध्याकाळी हॅउंदेच्या किनाऱ्यावर गेलो. वारा सुटला होता. महोत्सवाच्या काळात दिग्दर्शक आणि नट जिथे पहाटेपर्यंत प्यायला बसत, त्या टपऱ्या ओन्नीला दाखवायच्या होत्या. त्या तिथल्या प्रशासनाने त्याच उन्हाळ्यात उठवल्या होत्या. ओन्नी रिकाम्या जागेकडे बघत उभी राहिली, मग म्हणाली, चला, होत्तोक खाऊ. नाम्पोदोंगला परत येऊन बिफ चौकात तळलेली होत्तोक घेतली. आत वितळलेली साखर आणि सूर्यफूल-भोपळ्याच्या बिया. उपासाच्या दिवसांत बुसानने मला निर्धोकपणे दिलेली ती एकच गोष्ट. मी तीन खाल्ली.

रविवारी परतीच्या गाडीत जागा नव्हती. उभ्याची तिकिटं काढून दोन डब्यांच्या मधल्या जागेत बॅगांवर बसून आलो. पुढच्या आठवड्यात बातमी आली, 'व्हिलेज रॉकस्टार्स 2' ला किम जिसोक पुरस्कार मिळाला. महोत्सवाची सुरुवातीपासून निवड सांभाळणारा आणि 2017 मध्ये कान इथे अचानक गेलेला हा माणूस. आशियातल्या नव्या दिग्दर्शकांना तो शोधून शोधून आणायचा. पुरस्कार त्याच्या नावाचा.

ओन्नी आता लॅबमध्ये सगळ्यांना सांगत असते की पुण्यातही एक पिफ आहे आणि तिथे तिकिटासाठी रक्त सांडावं लागत नाही, रुमाल पुरतो. जानेवारीचं तिचं विमानाचं तिकीट काढून झालंय. बाबांनी दोन रुमाल धुऊन ठेवलेत.