कुंडलिकेच्या काठची पोपटी

कोलाडजवळची कुंडलिका सकाळी सुरू होते. सह्याद्रीच्या पायथ्याशी भिऱ्याला वीजघर आहे. तिथली जनित्रं फिरली की त्यांतून सुटलेलं पाणी नदीत येतं आणि बघता बघता पात्रातले धोंडे दिसेनासे होतात. जनित्रं थांबली की नदी पुन्हा उतरते. हे मला काठावरच्या एका दगडावर कळलं. अंगात लाइफ जॅकेट, डोक्यावर हेल्मेट आणि समोर उघडे पडलेले खडक. त्या दिवशी पाण्याला उशीर झाला होता. वाशीमला आम्ही नळाची वाट बघतो, टँकरची बघतो, मृगाची बघतो. नदी यायची वाट मी पहिल्यांदाच बघितली.

माझा भाचा रोह्याजवळ धाटावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. "मावशी, एका दिवसात नदी दाखवतो, समुद्र दाखवतो अन् जेवाले असं घालतो का तू वाशीम विसरशीन," असं तो दिवाळीपासून फोनवर म्हणत होता. जानेवारीत गेले. वाशीम काही विसरले नाही. उलट त्या संध्याकाळी एका वालाच्या शेतात बसून मला गावाकडची जितकी आठवण झाली, तितकी एरवी होत नाही. ते पुढे सांगते.

पाणी आलं तेव्हा आधी आवाज आला. मग काठाच्या चिखलावरची ओली रेघ वर सरकू लागली. आमच्या राफ्टवाल्या पोराने हात वर करून सगळ्यांना उठवलं, वल्हं कसं धरायचं, 'गेट डाऊन' म्हटल्यावर कुठे बसायचं ते दाखवलं आणि आम्ही निघालो. कोलाडचा हा टप्पा सुमारे १२ किलोमीटरचा. वाटेतल्या खळाळांना या लोकांनी 'मॉर्निंग हेडेक', 'राजधानी एक्स्प्रेस' अशी नावं ठेवली आहेत. पहिल्याच खळाळात पाण्याची भिंत थेट तोंडावर आली. पाणी गार होतं आणि चवीला अगदी गोड. मला खळाळांपेक्षा त्यांच्या मधलं संथ पाणी आवडलं. दोन्ही बाजूंनी झाडं पाण्यावर वाकलेली, वर खंड्या बसलेला, वल्ही आत घेतलेली. अशा वेळी तरुण मंडळींना आरडाओरडा का करावासा वाटतो, ते मला कळत नाही. नदीला थोडा वेळ द्यावा.

अशाच एका संथ जागी मी त्या पोराला विचारलं, "हे पाणी येतं कुठून?"

"मुळशीचं पाणी, ताई. वरून डोंगरातून पाइपाने खाली येतं."

मुळशी हा शब्द ऐकला आणि माझं राफ्टमधलं लक्ष उडालं. मी शाळेत इतिहास शिकवते. सेनापती बापटांचं नाव वर्गात किती वेळा घेतलं असेल. पण मुळशीचं पाणी सह्याद्रीच्या या अंगाला उतरून कुंडलिकेत येतं, हे मी कधी नकाशावर बोट ठेवून बघितलं नव्हतं. मुळा ही पूर्ववाहिनी नदी. पुण्यात तिला मुठा मिळते, पुढे भीमा, मग कृष्णा, आणि शेवटी बंगालचा उपसागर. मुळशीला धरण बांधून तिचं पाणी डोंगराच्या कडेपर्यंत आणलं, तिथून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याला सोडलं आणि त्या उंचीवर वीज काढली. ती वीज मुंबईला गेली. भिऱ्याचं वीजघर १९२७ साली सुरू झालं. तेव्हापासून मावळात पडलेला पाऊस कोकणात वाहतो आहे. हे पाणी भीमेच्या खोऱ्यात परत वळवा, अशी मागणी घाटावरून होत असते, ती याच पाण्याबद्दल.

आणि त्याआधी १९२१ ची रामनवमी. मावळातले शेतकरी, त्यांच्या घरच्या बाया, सगळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. जमिनी बुडणार होत्या, घरं बुडणार होती, देवळं बुडणार होती. पुण्याचे पुढारी पाठीशी उभे राहिले, मग त्यांतले बरेच मागे सरले. पांडुरंग महादेव बापट मागे सरले नाहीत. तुरुंगात गेले, सुटले, पुन्हा गेले. 'सेनापती' हे बिरुद त्यांना इथेच चिकटलं. सत्याग्रह मोडला, पाणी चढलं, गावं तळाशी गेली. धरणग्रस्त हा शब्द महाराष्ट्राला पुढे पाठ झाला, पण धरणाविरुद्ध माणसं अशी उभी राहिली ती आधी मुळशीला. शंभर वर्षांनी त्याच पाण्यावर आम्ही हेल्मेट घालून हसत खाली चाललो होतो. त्यात गैर काही आहे असं मी म्हणत नाही. पण राफ्टिंगच्या जागी चहाच्या टपरीपासून सेल्फीच्या चौकटीपर्यंत सगळं आहे, आणि मुळशीच्या नावाची एक पाटी मला दिसली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

आम्हा वाशीमकरांना पाणी कुठे वळतं ही गोष्ट जवळची आहे. आमचा जिल्हाच पाणलोटाच्या पाठीवर बसलेला. काटेपूर्णा आमच्याकडे उगम पावते, अकोल्याकडे उतरते, पूर्णेला मिळते आणि तापीच्या वाटेने अरबी समुद्रात जाते. पैनगंगा मात्र वर्धेला भेटते आणि प्राणहिता-गोदावरीच्या हाताने बंगालच्या उपसागराला पोचते. दोन्ही समुद्रांना पाणी देणाऱ्या या जिल्ह्यात उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याची ओरड असते. भाच्याला हे मी राफ्टमध्येच सांगायला लागले. तो म्हणाला, "मावशे, वल्हं मार."

दुपार समुद्राची. रोह्याहून साळावच्या रस्त्याने कुंडलिकेच्या काठाकाठाने गेलं की नदीची खाडी होते, पाणी रुंद आणि मातकट होत जातं, काठाला खारफुटी लागते. सकाळची नदी ती हीच, हे ओळखू येत नाही. मुखाच्या दक्षिणेला कोर्लईचा डोंगर समुद्रात घुसलेला, त्यावर पोर्तुगीजांचा किल्ला. पायथ्याच्या गावातली काही ख्रिस्ती घरं आजही पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणाची बोली बोलतात. पोर्तुगीज सत्ता इथून १७४० च्या सुमारास गेली, बोली राहिली. उत्तरेला पूल ओलांडून रेवदंडा. तिथे जुन्या कोटाची भिंत थेट वाळूपर्यंत येते. ती भिंत, सुरूची झाडं आणि ओहोटीचा लांबलचक किनारा मला फार आवडला. मोटारबोटी, घोडागाड्या आणि कर्कश गाणी अजिबात आवडली नाहीत, म्हणून आम्ही भिंतीच्या सावलीत बसलो. जेवणात तळलेला बांगडा होता, तांदळाची भाकरी होती. बांगडा चांगला होता. भाकरी ज्वारीचीच, या माझ्या मतात फरक पडला नाही. सोलकढी मात्र मी तीनदा मागून घेतली.

दिवस तिथेच संपता तर मी हे लिहायला बसले नसते.

परतीच्या वाटेवर, रस्त्यापासून थोडं आत, भाच्याच्या घरमालकांचं शेत आहे. भात कापून झालेलं, त्याच खाचरात आता वाल. मी विचारलं, पाणी कुठून देता? घरमालक काका म्हणाले, "कशाला पाणी? भात निघालं की जमिनीत ओल असते, त्यावर पेरायचा. बाकी काम दव करतं." कोरडवाहू हरभरा आमच्याकडेही असाच येतो. पण तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात एक पीक निव्वळ उरलेल्या ओलीवर निघतं, हे मी वाकून, माती बोटांनी उकरून बघितलं. वरची पापडी सुकलेली, चार बोटं खाली ओल.

शेतात काकांची आई पोपटीसाठी, म्हणजे वालाच्या शेंगा मडक्यात भाजण्यासाठी, मडकं घेऊन बसली होती. पोरं बांधाबांधाने फिरून भांबुर्डीचा पाला आणत होती. थंडीत आपोआप उगवणारं, तण म्हणून उपटून टाकावं असं झाड. पाला चोळून नाकाशी धरला तर उग्र, औषधी वास येतो. आजीने मडक्याच्या तळाला तो जाड अंथरला. मग शेंगा. त्या निवडायचं काम मी मागून घेतलं. किडकी शेंग कोणती, कोवळी कोणती, हे आजी नुसती बोटांत दाबून सांगत होती. शेंगांच्या थरावर जाडं मीठ आणि ओवा, मग अंडी, बटाटे, रताळी, केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, पुन्हा शेंगा, आणि वरून पाल्याचा असा घट्ट बोळा की मडकं पालथं केलं तरी काही पडू नये. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही.

"आजी, तिखट?" मी विचारलं. आमच्याकडे लाल तर्री नसली तर पाहुण्याला जेवल्यासारखं वाटत नाही.

"शेंगांना तिखट नाही लावायचं, बाय. शेंगेची चव जाते."

मडकं जमिनीवर पालथं ठेवलं. भोवती काटक्या, गवऱ्या, सुक्या झावळ्या, वरून भाताचा पेंढा. काडी लागली तशी ज्वाळ माणसाच्या उंचीची उठली आणि सगळे दोन पावलं मागे सरले. पोरं ज्वाळेवर पेंढा टाकत राहिली. अर्धा तास गेला असेल. आजी उठली, हात पाण्यात बुडवून तिने मडक्यावर थेंब शिंपडले. पाणी चर्र करून तिथल्या तिथे उडून गेलं. "झाली," ती म्हणाली. घड्याळाकडे कुणी बघितलं नाही.

ओल्या गोणपाटाने धरून मडकं काढलं, पाला उपसला आणि सगळं केळीच्या पानांवर ओतलं. वाफेबरोबर भांबुर्डीचा वास आला. हातात धरला होता तेव्हाचा उग्रपणा गेला होता, ओव्याशी मिळून तो गोडसर झाला होता. शेंग आख्खी तोंडात धरायची, दातांनी दाबून ओढायची. दाणे आत राहतात, साल हातात येते. सालीवरचं मीठ आधी जिभेला लागतं, मग दाणा, लोण्यासारखा मऊ आणि शेवटी किंचित कडवट. तो कडवटपणाच मला पुढच्या शेंगेकडे नेत होता. अंड्याचं कवच तपकिरी झालेलं, आत ओव्याचा वास भिनलेला. कोंबडी सगळ्यांनी वाखाणली. मी तिला फारसा हात लावला नाही. शेंगा होत्या तोवर मला दुसरं काही नको होतं. आगीची धग एका अंगाला, थंडी दुसऱ्या अंगाला, आणि बोटं काळी.

आजीने विचारलं, "तुमच्याकडं काय भाजतात?"

मी हुरड्याचं सांगितलं. गवऱ्यांच्या आरात खुपसलेली कणसं, हातावर चोळून पाखडलेले हिरवे दाणे, सोबत शेंगदाण्याची चटणी. मग रोडग्यांचं सांगितलं. शेतात गवऱ्यांवर भाजलेले गव्हाचे रोडगे, वरण, वांग्याची भाजी, पंगत वावरातच. आजी मन लावून ऐकत होती. मग म्हणाली, "अजून भाजता ना?"

रोडगे होतात, म्हणाले. हुरडा आता क्वचित. आमच्याकडे ज्वारी राहिली कुठे? सगळ्या वावरांत सोयाबीन. ज्वारी लावली तर पाखरं येतात, रानडुकरं येतात, राखायला माणूस मिळत नाही, आणि भाव सोयाबीनला. एकट्याने ज्वारी पेरली की गावातली सगळी पाखरं त्याच्याच वावरात. त्यामुळे पेरणारा पुढच्या वर्षी सोडून देतो. ज्वारीबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर दावणीची जनावरं कमी झाली, आणि जनावरांबरोबर गवऱ्या. मी बोलत होते आणि माझ्याच लक्षात येत होतं की हुरडा गेला म्हणताना आम्ही किती काय गेलं हे मोजतच नाही.

काका म्हणाले, "इथंही तेच. बाजूच्या दोन शेतांना तारेचं कुंपण पडलंय. मालक मुंबईचा. भात नाही, वाल नाही. तिथं भांबुर्डीसुद्धा उगवत नाही, औषध मारतात." त्यांच्या शेतात मात्र वाल आहे, आणि जोवर अंगात बळ आहे तोवर पेरणार, असं ते म्हणाले. मला ते शब्द फार आवडले. दुसऱ्याच दिवशी मी वाशीमला धाकट्या दिराला फोन केला आणि सांगितलं, सोयाबीन कितीही लाव, पण विहिरीजवळच्या धुऱ्याला ज्वारीचे चार तास माझ्यासाठी पेर. पाखरं राखायला सुट्टीत मी येते. तो हो म्हणाला आहे.

वाचणाऱ्यांनी जावं, असंच माझं सांगणं आहे. पाणी सुटायची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या. राफ्टमध्ये मुलं सोबत असतील तर मुळशीची गोष्ट त्यांना काठावरच सांगा, तिथे वाट बघण्यात वेळ असतोच. पोपटी अलीकडे काही हॉटेलांतही मिळते, पण ओळख काढून कुणाच्या शेतात खाता आली तर तीच खा. आणि जायचं ते थंडीत. कोलाडची नदी एरवीही मिळेल, रेवदंड्याचा समुद्र बारा महिने आहे. वालाच्या शेंगा फेब्रुवारी सरता सरता वाळायला लागतात, त्यानंतर पोपटी नाही.